फवारा, कूस, फोन

४ मार्च

नियम आला! खरंच आला — सही-शिक्क्यासकट. नशेने कोणी बेशुद्ध पडलं आणि सोबतच्याने अँब्युलन्सला फोन केला, तर फोन करणाऱ्याला पोलिसांनी हात लावायचा नाही. त्याच्या खिशात काही सापडलं तरी नाही. इतके दिवस काय व्हायचं? सोबतचे भीतीने पळून जायचे आणि पडलेला तिथेच मरायचा. एवढी साधी गोष्ट वरच्यांच्या गळी उतरवायला बाईंची किती वर्षं गेली! चपला झिजवल्या म्हणतात ना — बाईंच्या डाव्या चपलेचा अंगठा मी स्वतः दोनदा शिवून आणलाय.

एवढ्या मोठ्या डॉक्टर, अख्ख्या व्यसनमुक्ती केंद्राच्या प्रमुख, पण आज शाळकरी पोरीसारख्या उड्या मारायच्याच बाकी होत्या. मला म्हणाल्या, "सिस्टर, आता लोकांच्या कानावर घालायचं काम तुझं. तुझं ऐकतात."

ऐकतात, कारण त्यांना बोलताच येत नाही! मी खिडकीतून गोळी कुटून देते — कुटून अशासाठी, की कोणी गालात लपवून बाहेर नेऊ नये. ती पूड जिभेखाली धरून सगळे भिंतीलगतच्या बाकावर बसतात. विरघळेपर्यंत बोलायचं नाही, गिळायचं नाही. तलफ मरते, माणूस कामावर जातो. घरी माझं कोणी ऐकत नाही. इथे रोज सकाळी एक अख्खा बाक तोंड मिटून माझं भाषण ऐकतो. याहून मोठं सुख नाही!

भाषण तीनच शब्दांचं. फवारा, कूस, फोन. ओठ निळे पडले, घशात घरघर लागली की आम्ही प्रत्येकाला दिलेला उताऱ्याचा फवारा नाकात मारा. मग कुशीवर वळवा, वरचा गुडघा दुमडून. आणि फोन करा. फवारा थोडाच वेळ टिकतो. माणूस उठून बसतो, बोलतो, आपल्याला वाटतं वाचला — आणि पुन्हा बुडतो. म्हणून फोन. फोन नाही तर काहीच नाही.

टोपीने हात वर केला. ही इस्त्रीच्या दुकानात काम करते, भर उन्हाळ्यातही लोकरी टोपी घालून. तोंडात पूड, म्हणून बोलता येईना. तिने दोन्ही मनगटं एकमेकांवर ठेवून मला दाखवली. बेड्या?

म्हटलं, "नाही पकडणार. माझा शब्द!"

९ मार्च

धाकटा आजही केंद्रावर आला नाही. "उद्या नक्की, ताई." माझा सख्खा भाऊ, खिडकीत मी बसलेली, आणि हा गल्लीतल्या पुड्या हुंगतोय. जगाला शिकवते आणि घरात अंधार.

दोष तरी कुणाला देऊ? फरशी बसवणारा माणूस. पाठ धरली, डॉक्टरने दुखण्यावरच्या गोळ्या दिल्या, महिनोन्‌महिने देत राहिला आणि एके दिवशी बंद केल्या. पाठ थांबली दुखायची. बाकी सगळं सुरू झालं.

बोलायला मात्र गोड. दुपारी कामावर फोन — "ताई, मीठ कुठे ठेवलंस?" घरात डबे चार. मीठ सापडत नाही!

१५ मार्च

अक्षर बघ कसं येतंय.

दुपारी इस्पितळातून फोन. धाकटा. इस्त्रीच्या दुकानामागे जिना आहे, तिथे पडला होता. धावत गेले. खाटेवर बसलेला, राखेसारखा, उलटीची बादली मांडीवर. मला बघून म्हणाला, "रागावू नकोस." मी त्याच्या थोबाडीत मारली. आणि मग त्याच गालाचे मुके घेतले. नर्स बघत होती, बघू दे.

टोपीला तो जिन्यात दिसला. ओठ निळे. तिने फवारा मारला, कुशीवर वळवला, फोन केला. अँब्युलन्स येईपर्यंत त्याचं डोकं धरून बसली. गाडीत येता येता तो पुन्हा बुडला होता म्हणे. फोन नसता केला तर —

माझं भाषण! माझे तीन शब्द! माझा भाऊ त्यांच्यावर जगला. देवा, मी त्या बाईला काय देऊ?

संध्याकाळी तिला भेटायला दुकानात गेले. मालक म्हणाला, "तिला पोलीस घेऊन गेले की. अँब्युलन्सच्या मागोमागच आले."

१६ मार्च

चौकीवर गेले होते. तिथले साहेब ओळखीचे. नियमाच्या बैठकांना यायचे, माझ्या शेजारी बसून बिस्किटं खायचे. आज फाइलमध्ये डोकं.

"फोन केला म्हणून नाही पकडलं, सिस्टर. नियम म्हणजे नियम. पण तिच्या नावावर जुनं वॉरंट होतं. तारखेला हजर झाली नव्हती. समोर दिसल्यावर सोडता येतं का?"

"पण समोर दिसायला तुम्ही तिथे गेलातच कसे?"

तेव्हा त्यांनी मान वर केली. खरंच नवल वाटलं त्यांना. "म्हणजे? अँब्युलन्सवाले कळवतात आम्हाला. असला कुठलाही फोन आला की आमची गाडी निघते. तसं ठरलंय. तुमच्या बाईंनीच होकार दिलाय — तुम्हाला माहीत नाही?"

नव्हतं माहीत. पायाखालची जमीन सरकली म्हणतात, ती अशी.

टोपीला दोन मिनिटं भेटू दिलं. टोपी काढून घेतली होती. तिचे केस पहिल्यांदाच पाहिले. अर्धे पांढरे! मी तिला तिशीची धरत होते.

"तुमचा भाऊ?"

"जगला."

"मग झालं." केस कानामागे सारले. "तुम्ही म्हणाला होता, पकडणार नाहीत."

रागाने नाही म्हणाली. नुसतं म्हणाली. रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं.

१७ मार्च

बाईंच्या खोलीत गेले. दार लावून घेतलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांच्यासमोर न विचारता बसले.

"साहेब म्हणतात ते खरं का?"

त्यांनी चष्मा काढला. रुमालाने पुसत राहिल्या. नाही म्हणाल्या असत्या तर मी विश्वास ठेवला असता, एवढी मी मूर्ख.

"गल्लीवाल्यांच्या तक्रारी तुला माहीत आहेत. केंद्र इथून हलवायचा ठराव तयार होता. पार गावाबाहेर, जिथे बसही जात नाही. रोज गोळी घ्यायला तिथे कोण येणार? बाकावरचे अर्धे महिन्यात मेले असते. नगरपालिकेने अट घातली — पोलिसांना कळवायचं, मग नियमही मिळेल आणि जागाही राहील. मी एक बोट दिलं आणि हात वाचवला."

"बोट कुणाचं, बाई? तुमची तर दहाही शाबूत आहेत."

हे मी बोलले! माझ्या तोंडून कसं निघालं कोण जाणे.

"बरं. मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू इतक्या खात्रीने बोलली असतीस? लोक तुझ्या तोंडाकडे बघून फोन करतात. करत होते, सिस्टर. जगत होते. तुझा भाऊसुद्धा."

माझा भाऊ पुढे केला! केसाने गळा कापला तो कापला, वर सांगतात तुझ्याच भल्यासाठी. मला इंजेक्शन धरायला यांनी शिकवलं. रुग्णाशी खोटं बोलायचं नाही हेही यांनीच. आणि मला खिडकीत बसवलं ते कशाला — माझा चेहरा भोळा दिसतो म्हणून! मी सिस्टर नाही, मी दुकानाची पाटी.

घरी येऊन भांडी घासली. स्वच्छ होती ती पण घासली.

१८ मार्च

बाईंनी चहा पाठवला. परत पाठवला.

२० मार्च

आज बाकासमोर उभी राहिले. सगळ्यांना टोपीचं कळलेलं. तिची जागा रिकामी, शेजारचाही तिथे सरकला नाही.

म्हटलं, "मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. मला फसवलं गेलं आणि माझ्या तोंडून तुम्हाला. आता नीट ऐका. फवारा तोच. कूस तीच. पण फोन त्यांना करायचा नाही. मला करायचा. माझा नंबर घ्या. मी येईन, ऑक्सिजन घेऊन येईन, कुणाला नेणार नाही. दिवस असो, रात्र असो."

कोणी काही बोललं नाही. कसं बोलणार, तोंडात पूड! नंतर जाताना एकेकाने नंबर घेतला. धाकट्यानेही. हो, धाकटा! कालपासून बाकावर बसतो. इस्पितळातून सुटला तो थेट माझ्या खिडकीसमोर येऊन उभा राहिला. "जीभ वर कर," मी म्हटलं, सगळ्यांना म्हणते तसं. डोळे भरून आले, पण जीभ नीट तपासली.

त्याच्याकडून तर वेगळं वचन घेतलं. "तू त्या अँब्युलन्सला कधीही फोन करणार नाहीस. कुणासाठीही. पोलीस तुला नेतील, आत गोळी मिळणार नाही, तू मरशील. आधी मला."

"बरं, ताई."

"माझी शपथ घे."

घेतली.

२ एप्रिल

दोनदा धावले. एकदा खरंच — पुलाखाली एक रंगारी, नळी लावून तासभर बसले, जगला. एकदा नुसताच दारू पिऊन झोपलेला. मला शिव्या देत उठला. उठला हे काय कमी!

फोन उशाशी, फोन न्हाणीघरात. धाकटा हसतो. "ताई, त्याचं लग्न लावून दे तुझ्याशी." आणि स्वतः दिवसातून पाच वेळा फोन. कांदे आणू का. गॅस संपत आलाय का. माझ्या निळ्या शर्टाचं बटण कुठाय. सुधारलेला भाऊ बिघडलेल्याइतकाच डोकं खातो! असू दे. खाऊ दे.

८ एप्रिल

तुरुंगावर गेले होते, टोपीच्या गोळ्या घेऊन. आत नेऊ देत नाहीत. "इथे नशेचं औषध चालत नाही." मी म्हटलं, हे नशेचं नाही, नशा सोडवायचं. तो पहारेकरी म्हणाला, "मग इथे आपोआपच सुटते."

सुटते. तीच तर भीती. आत राहून शरीर नवखं होतं. बाहेर आल्यावर माणूस जुनाच डोस घेतो, आणि तो डोस त्याला गिळतो. हे मला कोणी शिकवलं? बाईंनी.

त्यांच्याशी कामापुरतं बोलते. "फाइल." "सही." त्याही तेवढंच. परवा त्यांच्या चपलेचा अंगठा पुन्हा तुटलेला दिसला. पिन लावून चालत होत्या. मी बघून न बघितल्यासारखं केलं. बरं वाटलं. मग वाईट वाटलं. मग पुन्हा बरं.

१७ एप्रिल

नगरपालिकेत सुनावणी आहे, नियम कसा चाललाय ते तपासायला. कोणीही बोलू शकतं. मी नाव दिलं. बाईंना सांगितलं नाही. मला तरी कुठे कोणी सांगितलं होतं!

२२ एप्रिल

टोपी सुटली! संध्याकाळी खिडकी बंद करत होते, तर समोर उभी. डोक्यावर तीच टोपी. मी धावत बाहेर जाऊन तिला धरलं. हाडं लागली हाताला.

"सिस्टर, आत माझ्या हातची इस्त्री सगळ्यांना आवडली," म्हणाली. "साहेबांच्या विजारीला अशी घडी घातली, की बसले तर कापेल!" आम्ही दोघी हसलो. बऱ्याच दिवसांनी.

पण हात कापत होते तिचे. गोळी पुन्हा सुरू करायला बाईंनी तपासावं लागतं, आणि बाई घरी गेलेल्या. बोलवायला हव्या होत्या का? आल्या असत्या. मी नाही केला फोन. सकाळपर्यंतचाच तर प्रश्न आहे, म्हटलं. तिला बजावलं — "आज काही घेऊ नकोस. तुझं शरीर आता लहान मुलासारखं आहे. थोडंसुद्धा नको. उद्या सकाळी पहिली तू."

"उद्या तुम्ही असाल ना?"

उद्याच सुनावणी. म्हटलं, "मी नसेन, पण धाकटा तुला बाकावर सोबत करेल. आणि तुझ्यासाठीच जातेय मी तिकडे."

धाकट्याला सांगितलं, तिच्यावर लक्ष ठेव. त्याला सांगावं लागत नाही. तिच्यामुळे श्वास घेतोय तो.

२३ एप्रिल

जिंकले! कुणाला सांगू, इथेच लिहिते. जिंकले!!

सभागृहाच्या दाराशी फोन टोपलीत ठेवायला लावले. क्षणभर हात मागे घेतला. मग म्हटलं, तासाभराने काय होतंय. तास कसला, दुपार गेली. पहिल्या रांगेत बाई. साहेबही. माझं नाव पुकारलं, उभी राहिले. सगळं सांगितलं. बाक, जिना, टोपीची मनगटं. म्हटलं, "तुम्ही लोकांना म्हणालात फोन करा, आणि फोनच्या दुसऱ्या टोकाला पोलीस बसवले. आता कोणी फोन करत नाही. लोक मरायला लागले तर ते नशेने नाही, तुमच्यावरचा विश्वास उडाल्याने मेले असं म्हणा."

अध्यक्ष चुळबुळले. मग बराच खल. शेवटी ठरलं — पुढच्या महिन्यापासून अँब्युलन्सवाले पोलिसांना कळवणार नाहीत. केंद्रही जागेवरच राहील. म्हणजे दोन्ही मिळवता आलं असतं! तेव्हाही! नुसतं तोंड उघडायला हवं होतं.

टाळ्या वाजल्या. बाईंनीही वाजवल्या. उठून वाजवल्या. त्याचाच मला सगळ्यात राग आला.

बाहेर आले, टोपलीतून फोन घेतला, तर धाकट्याचे मिस्ड कॉल ओळीने. गॅस संपला असणार, सकाळीच म्हणत होता. तेवढ्यासाठी किती तो छळ! उलट करणार होते, पण वार्ताहर बाई समोर वही घेऊन उभी राहिली. माझा फोटोही काढला. मग राहूनच गेलं.

घरी आले तर हा भिंतीकडे तोंड करून पडलेला. "गॅस संपला का रे?" नाही म्हणाला. "मग फोन कशाला?" असंच म्हणाला. टोपी आली होती का सकाळी? नाही म्हणाला. मी पूर्ण सुनावणी ऐकवली, आवाज काढून, हातवारे करून. "छान झालं, ताई." बस्स! वळलासुद्धा नाही. पोट बिघडलंय म्हणे. एवढ्या मोठ्या दिवशी घरात एक हसरं तोंड नाही.

२४ एप्रिल

टोपी गेली.

बाई खिडकी उघडायच्या आधी येऊन उभ्या होत्या. त्यांनी सांगितलं. काल दुपारी, त्याच जिन्यात. सकाळी बाकावर आली नाही, रात्र निभली नसेल. इस्त्रीवाला मालक कपडे वाळत घालायला मागे गेला तेव्हा दिसली, त्याने अँब्युलन्स बोलावली. उशीर झाला होता.

आणि हे ऐक. फवारा मारलेला होता. रिकामी बाटली शेजारी. कुशीवर वळवलेली, वरचा गुडघा नीट दुमडलेला. म्हणजे कोणीतरी माझ्याच बाकावरचं! तिला एकदा शुद्ध आली असणार. मग पुन्हा बुडाली. आणि तो जो कोण होता, त्याने फोन केला नाही. ना त्यांना, ना कुणाला. पळाला!

नालायक. भेकड. जी बाई दुसऱ्याचं डोकं धरून बसली, पोलीस दिसत असताना बसून राहिली, तिला एकटी टाकून गेला. सगळ्या बाकाकडे एकेक करून बघितलं आज. तोंडं मिटलेली. यातलाच एक. मी यांच्यासाठी भांडले! बाईंनी फसवलं ते फसवलंच, पण त्यांनी निदान काहीतरी वाचवायला फसवलं. याने?

बाई म्हणाल्या, "घरी जा आज." मी म्हटलं, तुमचं ऐकायचं मी सोडलंय.

धाकटा आला नाही गोळीला.

२५ एप्रिल

त्याच्या पिशवीत त्याचा फवारा नव्हता. समोर बसवलं. म्हटलं, तू होतास? मान हलवली. म्हटलं, आणि पळालास? फोन करायला काय झालं होतं तुला?

"केला ना, ताई. तुलाच करत होतो."